डबे गेले, किल्ली आली

दिवे गेले की पडद्यावर सगळ्यांत आधी सेन्सॉरचं सर्टिफिकेट यायचं. ते जेमतेम काही सेकंद टिकायचं, पण थिएटरात नेमाने येणारा माणूस तेवढ्यात हवी ती ओळ गाठायचा: रिळं किती? १८ दिसली की पिटातून शिट्टी यायची, कारण तिकिटाचे पैसे वसूल होणार हे तिथेच कळायचं. १२ दिसली की कुरकुर. शेजारी मीटरमध्ये लांबी लिहिलेली असायची, आणि सेन्सॉरने कात्री चालवली असेल तर त्रिकोणाची खूणही. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात आणि सेकंदाला २४ चौकटी सरकतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट. या हिशेबाने अडीच तासांचा चित्रपट १३,५०० फूट भरतो, चार किलोमीटरांहून थोडा जास्तच. एवढी पट्टी डब्यांत भरून एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यात चढवल्याशिवाय पुढच्या गावात खेळ लागत नसे.

आता सर्टिफिकेटवर मिनिटं लिहिलेली असतात. रीळच राहिलं नाही, तर मोजणार काय?

फिल्म जाऊन डिजिटल आलं, ही हकिगत साधारण दोन तऱ्हांनी सांगितली जाते. एक तऱ्हा हळहळीची. तिच्यात झोतात तरंगणारी धूळ, मशीनची खडखड आणि फिल्मचा दाणेदार पोत यांची आठवण काढली जाते. दुसरी तऱ्हा माहितीपत्रकाची. तिच्यात पिक्सेल, रंग आणि आवाजाचे आकडे असतात. दोन्हीकडे सांगणारा माणूस बहुधा मोठ्या शहरात, चांगल्या थिएटरात, पहिल्या आठवड्यात चित्रपट पाहणारा असतो. तोच चित्रपट किनवटला किंवा सांगोल्याला कधी पोहोचत होता आणि पोहोचेपर्यंत त्याची काय दशा झालेली असायची, याच्याशी त्याचा फारसा संबंध आलेला नसतो. म्हणून या विषयात शिरताना चित्राच्या दर्जाआधी दुसराच प्रश्न विचारायला हवा. चित्रपट ही वस्तू तेव्हा कोणाच्या ताब्यात होती आणि आता कोणाच्या ताब्यात आहे?

तेव्हा ती केबिनमध्ये होती. बाल्कनीच्या मागे, उंचावर, जाड भिंतींची खोली. भिंतीला वीतभर खिडक्या: एकीतून झोत बाहेर जायचा, दुसरीतून ऑपरेटर पडद्याकडे बघायचा. आत दोन मशीन शेजारी शेजारी उभी, कारण २,००० फुटांचं मोठं रीळ २२ मिनिटांत संपतं आणि खेळ तर थांबवता येत नाही. झेनॉन दिवे येण्याआधी उजेड कार्बनचा होता. पेन्सिलीएवढ्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या. मधल्या फटीतून वीज उडी मारायची आणि डोळे दिपवणारा पांढरा उजेड पडायचा. कांड्या जळत जायच्या, फट वाढायची, पडद्यावरची नायिका हळूहळू पिवळी पडायची. मग ऑपरेटर चाक फिरवून कांड्या पुन्हा जवळ आणायचा. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जायचा, तोही सेकंदाच्या सहाव्या भागापुरता. तो दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची. सातेक सेकंदांनी दुसरा ठिपका यायचा आणि त्याच क्षणी एका मशीनचा झोत बंद, दुसऱ्याचा चालू. प्रेक्षकाला यातलं काहीच कळू नये, हीच त्या कामाची कसोटी होती. ऑपरेटरची आठवण व्हायची ती चुकल्यावरच, आणि तेव्हा खालून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

खेळाच्या आधी आणि नंतर वेगळंच काम. रीळ हाताने उलटं गुंडाळायचं आणि गुंडाळताना फिल्मची कड चिमटीतून सरकवत राहायची. कडेचं भोक फाटलेलं असलं, जोड सुटत आलेला असला, की बोटाला आधी कळायचं, डोळ्याला नंतर. तेवढी जागा कापायची, एका टोकावरचा थर ब्लेडने खरवडायचा, फिल्म सिमेंट लावायचं आणि दोन्ही टोकं दाबून धरायची. प्रत्येक जोडात दोन-चार चौकटी कायमच्या जायच्या. असे पन्नास जोड झाले की एखादा संवाद अर्ध्यावर तुटलेला असायचा आणि खलनायकाने पिस्तूल काढायच्या आत हिरो जखमी झालेला असायचा.

मशीनच्या पोटात जे चालायचं ते तर बाहेरून पाहणाऱ्याला खरं वाटू नये असं. फिल्म सलग सरकत नसते. ती सरकते, थांबते, पुन्हा सरकते, सेकंदाला २४ वेळा. चार खाचांचं एक छोटं चक्र, ज्याला माल्टीज क्रॉस म्हणतात, तिला असं टप्प्याटप्प्याने ओढतं. चौकट सरकत असताना दिसू नये म्हणून एक फिरतं पातं त्या वेळी झोत अडवतं. लुकलुक जाणवू नये म्हणून थांबलेल्या चौकटीवरही ते एकदा आडवं येतं, त्यामुळे प्रत्येक चौकट दोनदा उजळते. याचा अर्थ असा, की तीन तासांचा चित्रपट पाहणारा माणूस त्यातला जवळजवळ निम्मा वेळ चक्क काळोखात बसलेला असायचा. डिजिटल प्रोजेक्टरमध्ये हे सरकणं-थांबणं नाहीच. टू-के दर्जाच्या प्रोजेक्टरमधल्या चिपवर २२ लाखांहून जास्त आरसे असतात. प्रत्येक आरसा केसाच्या जाडीपेक्षा लहान असतो आणि सेकंदाला हजारो वेळा कलतो. तो किती वेळ दिव्याकडे आणि किती वेळ दुसरीकडे कलला, यावर पडद्यावरच्या त्या ठिपक्याचा उजेड ठरतो.

केबिनच्या भिंती जाड असण्याचं कारण आग. पन्नासच्या दशकापर्यंत फिल्म नायट्रेटची असे. नायट्रेट एकदा पेटलं की विझत नाही. जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या स्वतःतच असतो, त्यामुळे पाण्याखालीही ते जळत राहतं. १९१८ चा भारतीय सिनेमॅटोग्राफ कायदा आज सेन्सॉरमुळे लक्षात आहे, पण थिएटरांचे परवाने आणि प्रेक्षकांची सुरक्षितता हाही त्याचा मोठा विषय होता. झोताच्या खिडकीवर लोखंडी झडप असायची आणि ती आगीच्या धगीने आपोआप पडावी अशी सोय करावी लागे. पुढे सहजी न पेटणारी ॲसिटेट फिल्म आली, मग पॉलिएस्टर आली, तरी केबिनची बांधणी आणि ऑपरेटरचा परवाना तसाच राहिला. एका धोकादायक पदार्थाने थिएटरच्या इमारतीला दिलेला आकार तो पदार्थ गेल्यावरही टिकून होता.

प्रिंटचं आयुष्य केबिनपेक्षाही रंजक. चित्रपट वितरणाच्या धंद्यात महाराष्ट्र कधी एकसंध झालाच नाही. मुंबई टेरिटरी वेगळी, विदर्भ 'सीपी बेरार'मध्ये, मराठवाडा 'निजाम'मध्ये. राज्य पुनर्रचना झाली, संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन झालं, १९६० उजाडलं, पण वितरकाच्या वहीत ब्रिटिश प्रांत आणि निजामाचं संस्थान तसंच्या तसं राहिलं. प्रत्येक टेरिटरीचा वितरक मोजक्या प्रिंट घ्यायचा. त्या आधी मोठ्या शहरात लागायच्या. तिथला जोर ओसरला की जिल्ह्याच्या गावी, तिथून तालुक्याला आणि शेवटी जत्रेतल्या तंबूत. शहरातसुद्धा कधी कधी दोन थिएटरांत मिळून एकच प्रिंट चालायची. पहिल्या थिएटरातलं रीळ संपलं की एक पोरगा ते सायकलवर टाकून दुसऱ्याकडे पळवायचा आणि त्याची सायकल पंक्चर झाली की मध्यंतर लांबायचं.

तंबूत पोहोचेपर्यंत त्या प्रिंटवर इतके ओरखडे पडलेले असायचे की पडद्यावर सतत पाऊस लागलेला असायचा, अगदी राजस्थानातल्या वाळवंटाच्या दृश्यातही. गाणी गायब व्हायची. हिट गाण्याचा तुकडा कोणीतरी आधीच्या गावात कापून ठेवून घेतलेला असायचा. कापलेले तुकडे पोरांच्या हाती लागायचे. कुठे थिएटरच्या मागच्या उकिरड्यावर सापडायचे, कुठे पाच-दहा पैशांना विकत मिळायचे. जळक्या बल्बचं बूड फोडून त्यात पाणी भरायचं, आरशाने उन्हाची तिरीप घरात घ्यायची, मधे फिल्मचा तुकडा धरायचा आणि चुन्याच्या भिंतीवर अमिताभ उलटा उभा करायचा. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी प्रकाशशास्त्राचा पहिला धडा असा गिरवला. पण त्या तुकड्यांमुळे झालेला आनंद आणि ते तुकडे नसलेला चित्रपट पाहावा लागलेले प्रेक्षक या दोन्ही गोष्टी एकाच हिशेबातल्या आहेत. फिल्मच्या दिवसांबद्दल गहिवरून लिहिणारे दुसरी बाजू सहसा सोडून देतात.

एका प्रिंटला साधारण ६० ते ७० हजार रुपये पडायचे. मोठ्या हिंदी निर्मात्याला शेकडो प्रिंट काढणं परवडायचं. मराठी निर्मात्याला वीस प्रिंट काढायच्या तर १२ ते १४ लाख बाजूला ठेवावे लागायचे, आणि पुष्कळ मराठी चित्रपटांच्या एकूण खर्चात ही रक्कम डोळ्यांत भरणारी होती. मग पाच-सहा प्रिंट काढून एका भागातून दुसऱ्या भागात फिरवायच्या. पुण्यात चित्रपट लागला आणि लोकांनी उचलून धरला, तरी लातूरला तो महिन्यांनी जायचा. तोवर जाहिरातीचा जोर संपलेला आणि चोरट्या सीडीचा धंदा जोरात.

डिजिटलची सुरुवात मात्र वेगळ्याच ठिकाणी झाली. जून १९९९ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतला 'द फँटम मेनेस' अमेरिकेत लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क परिसरातल्या चार पडद्यांवर फिल्मशिवाय दाखवला गेला. २००२ मध्ये हॉलिवूडच्या सात बड्या स्टुडिओंनी एकत्र येऊन डीसीआय ही संस्था स्थापली आणि २००५ मध्ये तिचे निकष जाहीर झाले. किती रेषा, किती रंग, पडद्यावर किती उजेड, फाइल कशी बांधायची, कुलूप कसं लावायचं, सगळं त्यात लिहिलेलं होतं. थिएटरमालक तरीही अडून बसले. जुनं मशीन तीस-चाळीस वर्षं चालतंय; नवं महागडं, आणि त्यातून वाचणार आहेत ते स्टुडिओचे प्रिंटचे पैसे. मग व्हर्च्युअल प्रिंट फीचा तोडगा निघाला: प्रिंटवर वाचलेल्या पैशांतला वाटा स्टुडिओने दर चित्रपटामागे द्यायचा आणि त्यातून मशीनचं कर्ज फिटायचं. २००९ च्या डिसेंबरात 'अवतार' आला, थ्रीडीसाठी डिजिटल पडदा हवाच झाला आणि उरलेल्यांची चालढकल संपली. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०१३ मध्ये फुजीने चित्रपटाची फिल्म बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातला 'अँकरमन २' हा पॅरामाउंटने अमेरिकेत ३५ मिलिमीटरवर सर्रास पाठवलेला शेवटचा चित्रपट ठरला.

भारताने हा रस्ता धरला नाही, आणि आपल्याकडच्या कहाणीतला सगळ्यांत महत्त्वाचा फाटा हाच आहे. डीसीआयच्या निकषांत बसणारा प्रोजेक्टर तालुक्याच्या थिएटरला कधीच झेपला नसता. २००५ च्या सुमारास मुंबईच्या यूएफओ मूव्हीज आणि चेन्नईच्या रिअल इमेजच्या 'क्यूब'ने स्वस्तातला मार्ग काढला. प्रोजेक्टर टू-केपेक्षा कमी दर्जाचा, फाइल जास्त दाबलेली. यूएफओची फाइल तर उपग्रहावरून थेट थिएटरच्या गच्चीवरच्या डिशमध्ये उतरायची. हॉलिवूडने नाक मुरडलं आणि अशा पडद्यांना आपले चित्रपट द्यायला नकार दिला. सिनेमॅटोग्राफर मंडळींनीही तक्रारी केल्या: काळा रंग राखाडी दिसतो, गडद दृश्यात चेहरे हरवतात. तक्रारी खऱ्या होत्या. पण ज्या प्रेक्षकाने आजवर तिसऱ्या हाताची, गाणी कापलेली, ओरखड्यांनी भरलेली प्रिंट पाहिली होती, त्याची तुलना मुंबईतल्या कोऱ्या प्रिंटशी नव्हतीच. त्याच्या दृष्टीने पहिल्यांदाच पाऊस थांबला होता. २०१४-१५ पर्यंत नव्या चित्रपटाच्या प्रिंट काढणं देशात जवळजवळ बंद झालं.

पुण्यात आणि परळी वैजनाथला एकाच शुक्रवारी चित्रपट लागणं ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्यामागची उलथापालथ लक्षात येत नाही. पडदे वाढवायला प्रिंटचा खर्च आड येईना, तेव्हा मराठी चित्रपट पहिल्याच आठवड्यात शेकडो पडद्यांवर लागू लागला. २९ एप्रिल २०१६ ला आलेल्या 'सैराट'ला गावोगाव जी गर्दी झाली ती चित्रपटाची कमाई, यात वाद नाही. साताऱ्याकडे रहिमतपुरात मध्यरात्री आणि पहाटे तीनला खेळ लावावे लागले. पण ती लाट एकाच वेळी सगळ्या जिल्ह्यांत उसळली आणि १०० कोटींच्या पलीकडे गेली, याचं श्रेय वाहतुकीच्या नव्या साधनालाही द्यावं लागतं. वीस प्रिंटच्या जमान्यात तीच गर्दी महिनोन्महिने ताटकळत बसली असती.

जे सहज लावता येतं ते सहज काढताही येतं. डबे थिएटरात येऊन पडले की मालकाकडे दाखवायला दुसरं काही नसायचं. चित्रपट आठवडाभर तरी तग धरायचा. आता सर्व्हरवर चार चित्रपट तयार असतात. शनिवारी गर्दी कमी दिसली की सोमवारी दुपारचा खेळ दुसऱ्याला मिळतो. मराठी चित्रपटांना मल्टिप्लेक्समध्ये नीट वेळा मिळत नाहीत ही तक्रार जुनीच, पण वेळापत्रक रोज बदलता येऊ लागल्यावर तिला जास्त धार आली. २०१५ मध्ये राज्य सरकारने प्राइम टाइमला मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर केली, तेव्हा प्राइम टाइम म्हणजे नेमका कुठला यावरच वाद रंगला.

सर्व्हरवर चित्रपट असणं आणि तो दाखवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डीसीआयच्या पद्धतीत चित्रपट कुलूपबंद फाइलच्या रूपात येतो. त्याची किल्ली, जिला केडीएम म्हणतात, वेगळी ई-मेलने येते. ती ठरावीक चित्रपटाची, ठरावीक सर्व्हरपुरती आणि ठरावीक तारखेपासून ठरावीक तारखेपर्यंतच चालते. शेजारच्या थिएटरची किल्ली इथे लागत नाही. सर्व्हरचं घड्याळ मागे करून चालत नाही. सर्व्हरचा मुख्य भाग बदलला तर जुनी किल्ली निरुपयोगी, आणि कोणी पेटी उघडण्याचा प्रयत्न केला तर आतली गुपितं आपोआप पुसली जातात. चोरी रोखण्याचा हा चोख बंदोबस्त आहे. पण पूर्वी डबे केबिनमध्ये आले की चित्रपट थिएटरच्या हाती आलेला असायचा. आता सकाळी नऊच्या खेळाची किल्ली साडेआठपर्यंत आली नाही, तर दारात हाऊसफुल्लची पाटी लावलेला मालक आणि सर्व्हर सांभाळणारा अननुभवी मुलगा दोघंही सारखेच हतबल. फोन लावायचा आणि वाट बघायची.

ज्याच्याकडे यंत्रणा त्याच्याकडे धंदा, हे निर्मात्यांच्याही लवकरच लक्षात आलं. प्रिंट गेली, पण व्हर्च्युअल प्रिंट फी राहिली. मशीनचं कर्ज फिटेपर्यंत द्यायची म्हणून आलेली रक्कम बंद कधी होणार, हे कोणी सांगेना. १ मार्च २०१८ पासून दक्षिणेतल्या निर्मात्यांनी याच मुद्द्यावर नवे चित्रपट देणं थांबवलं. तामिळनाडूत तर सुमारे दीड महिना नवा तमिळ चित्रपट लागला नाही. २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने यूएफओ आणि क्यूब या दोघांनाही दंड केला. भाड्याने दिलेल्या यंत्रांवर दुसऱ्या कंपनीकडून तयार होऊन आलेला चित्रपट चालवू न देण्याच्या अटींबद्दल तो होता. मध्यंतरातल्या जाहिरातींचीही तीच गत. पूर्वी गावातला सराफ, कापडवाला आणि सायकलचं दुकान काचेच्या स्लाइडवर हाताने रंगवून घेतलेली जाहिरात थिएटरमालकाकडे द्यायचे आणि पैसे त्याच्या गल्ल्यात पडायचे. आता जाहिरातींची फीतही वरूनच भरून येते. गावातला सराफ तिच्यात दिसला तरी त्याचा करार बहुधा दुसऱ्याच कोणाशी झालेला असतो.

ऑपरेटरांचं काय झालं? काही सर्व्हर शिकले. खेळांची यादी लावणं, दिवा पेटवणं, आवाज तपासणं, एसी बघणं एवढं काम राहिलं, आणि मल्टिप्लेक्समध्ये तेही एका टेबलावरून दहा पडद्यांसाठी होतं. कार्बनची फट डोळ्यांनी ओळखणाऱ्या माणसाच्या कौशल्याला तिथे गिऱ्हाईक नव्हतं. पुष्कळांचं वय उलटून गेलेलं होतं. ते घरी बसले. मशीन भंगारात किलोने गेली. पान नलिन यांच्या 'छेल्लो शो' या गुजराती चित्रपटात प्रोजेक्टर वितळवून चमचे आणि फिल्म वितळवून बांगड्या केल्याचं दिसतं. भंगारवाल्याच्या व्यवहारात त्यात नवल काही नाही.

महाराष्ट्रातल्या तंबूवाल्यांची गोष्ट आणखी कठीण. खंडोबाच्या किंवा एखाद्या ग्रामदेवतेच्या जत्रेत ट्रकच्या हौद्यात मशीन ठेवून तंबूत खेळ लावणाऱ्या या मंडळींचा धंदा उभाच होता तो उतरलेल्या प्रिंटवर. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांच्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात त्यांची अखेरची वर्षं टिपली आहेत. २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याचा खास उल्लेखही झाला. प्रिंट निघेनाशा झाल्यावर तंबूवाल्याला नवा चित्रपट मिळायचा तर डिजिटल यंत्रणा घ्यायला हवी, आणि वर्षातले काही महिने चालणाऱ्या धंद्यावर तिचा हप्ता कसा निघणार? एकाच शुक्रवारी सगळीकडे चित्रपट पोहोचल्यावर जत्रेत जुना चित्रपट पाहायला तरी कोण येणार? गावच्या प्रेक्षकाचा ज्यामुळे फायदा झाला, त्यानेच त्याच्यापर्यंत सिनेमा नेणाऱ्या माणसाचा धंदा संपवला.

डिजिटल चित्र कायम कोरं राहतं, हाही अर्धाच खरा दावा. फाइलवर ओरखडा पडत नाही, हे कबूल. पण दिवा जुना होतो, आणि झेनॉनचा दिवा महाग असल्याने तो मुदतीनंतरही ओढला जातो. खिडकीच्या काचेवर धूळ बसते. निकषांप्रमाणे पडद्यावर १४ फूट-लँबर्ट उजेड हवा. अनेक थिएटरांत तो मोजायचं साधनही नसतं. फिल्मच्या काळात पडदा पिवळा पडला की ऑपरेटरला दिसायचं, कारण त्याला तिकडे बघत बसण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आता बघायला केबिनमध्ये कोणी नसतं.

दरम्यान फिल्म श्रीमंतांची चैन म्हणून परतली आहे. क्रिस्टोफर नोलन २०१८ मध्ये फिल्मचा पुरस्कार करण्यासाठी मुंबईत येऊन गेले. त्यांच्या 'ओपनहायमर'ची आयमॅक्स प्रिंट ११ मैल, म्हणजे सुमारे १८ किलोमीटर लांब आणि पावणेतीनशे किलोंच्या आसपास वजनाची होती. २०२३ मध्ये ती दाखवू शकणारी जेमतेम तीस थिएटरं जगात होती आणि त्यांत भारतातलं एकही नव्हतं.

राहता राहिला प्रश्न जपणुकीचा, आणि इथे फिल्मची बाजू भावनेखेरीज व्यवहारातही भक्कम आहे. तिची हेळसांड आपण कमी केली नाही. भारतात तेराशेहून जास्त मूकपट बनले. त्यांतले पूर्ण स्वरूपात उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता. पहिलं आणि शेवटचं रीळ उरलं आहे, आणि तेही १९१७ च्या नव्या आवृत्तीतलं असावं असं काही अभ्यासक मानतात. 'आलम आरा' तर गेलाच. फिल्मवरच्या थरात चांदी असते, आणि ती काढून घेण्यासाठी जुन्या प्रिंट व निगेटिव्ह विकल्या जायच्या. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि तिथे पी. के. नायर यांनी वाचवता येईल तेवढं वाचवलं. तरीही जानेवारी २००३ मध्ये तिथल्या नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली आणि प्रभात काळातला ठेवा जळाला. एवढं होऊनही, थंड आणि कोरड्या खोलीत ठेवलेली फिल्म शंभर वर्षांनी बाहेर काढून उजेडासमोर धरता येते.

फाइलला ही मुभा नाही. अमेरिकेच्या मोशन पिक्चर अकादमीने २००७ मध्ये केलेल्या पाहणीत एका चित्रपटाची फोर-के डिजिटल मूळ प्रत जपायला वर्षाला १२,५१४ डॉलर लागतात असा हिशेब निघाला. फिल्मवरची मूळ प्रत जपायला १,०५९ डॉलर. साठवण तेव्हापासून स्वस्त झाली, पण काम संपलं नाही. संग्रहालयं वापरतात त्या एलटीओ टेपच्या आठव्या पिढीचं यंत्र फक्त सातव्या आणि आठव्या पिढीच्या टेप वाचतं, त्यामुळे काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावंच लागतं. मोठे स्टुडिओ हे करतात. पूर्वी छोट्या निर्मात्याची निगेटिव्ह निदान लॅबमध्ये पडून असायची. ताडदेवचं फिल्म सेंटर किंवा गोरेगावची ॲडलॅब्ज तिचं भाडं लावायची, पण जागा ठाऊक असायची. आता तीन-चार आठवडे थिएटरात चाललेल्या मराठी चित्रपटाची थिएटरमधली फाइल नव्या चित्रपटासाठी पुसली जाते, किल्लीची मुदत संपलेली असते आणि मूळ प्रत निर्मात्याच्या कपाटातल्या एका हार्ड डिस्कवर असते. ती डिस्क पाच-सात वर्षांत एकदा तरी लावून बघावी लागते, आणि ते काम कोणाचं हे निर्माता, वितरक आणि डिजिटल कंपनी यांच्यातल्या करारात सहसा लिहिलेलं नसतं.